रक्ताची साक्ष आणि माणसाचा शब्द

(जागतिक हिपॅटायटीस दिनानिमित्त, रक्तदान शिबिरांचे संयोजक व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे एका निवृत्त रक्तपेढी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



आपण सारे रक्तदान शिबिरे भरविणारी मंडळी आहात. शिबिराच्या दिवसाची धावपळ आपल्याला नवीन नाही. पहाटे उठून शाळेच्या वर्गात खाटा मांडायच्या, दात्यांना आणायचे, चहा-बिस्किटांची व्यवस्था पाहायची आणि सायंकाळी रक्तपिशव्यांचा आकडा ऐकून समाधानाने घरी जायचे. आपले काम तेथे संपते आणि रक्तपेढीचे सुरू होते. प्रत्येक पिशवीसोबत एक छोटी नळी येते. त्या नळीतील रक्ताची कायद्याने पाच रोगांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, उपदंश आणि हिवताप. आज मी यातील एकाच चाचणीविषयी, हिपॅटायटीस बीच्या चाचणीविषयी बोलणार आहे. ही चाचणी कशी घडली, ती काय सांगते, काय सांगू शकत नाही आणि तिने सांगितलेले आपण कसे हाताळावे, एवढाच माझा विषय आहे.

आरंभ मी माझ्या एका चुकीपासून करतो. १९९९ सालची गोष्ट. एका गावातील शिबिरात सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने प्रथमच रक्तदान केले. मुलगा धडधाकट होता. शिबिराच्या खाटा उचलण्यापासून सगळ्या कामात तो पुढे होता. त्याच्या रक्ताची हिपॅटायटीस बीची चाचणी सकारात्मक आली. मी शिबिराच्या संयोजकांना दूरध्वनी केला आणि म्हणालो, "त्या मुलाला माझ्याकडे पाठवून द्या, त्याच्या रक्तात कावीळ निघाली आहे." माझ्या मनात काळजीच होती, संयोजकही सज्जन होते, पण तिसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा सारे गाव ही गोष्ट जाणत होते. त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. तो म्हणाला, "काका, मला काही होत नाही. भूक लागते, शेतात दिवसभर काम करतो. मग माझ्या रक्तात आहे तरी काय?" बाहेर त्याची आई उभी होती. तिने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, याचे ताट-वाटी मी वेगळी काढली आहे. आणखी काय काय वेगळे करू?"

त्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची तर या चाचणीचा इतिहास सांगावा लागतो.

डोळ्यांना न दिसणारा रोग

कावीळ आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. आयुर्वेदात तिला 'कामला' म्हटले आहे. पण डोळे पिवळे होणे हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. दूषित पाण्यातून येणारी कावीळ वेगळी आणि रक्तातून येणारी वेगळी, हे कळायला फार काळ लागला. १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे एका जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ती लस मानवी लसिकेपासून केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यातील १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती, ते त्याच कारखान्यात काम करूनही निरोगी राहिले.

१९४२ मध्ये याहून मोठा आघात झाला. अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस देण्यात आली. ती टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने आजारी पडले. पण या घटनेचे खरे स्वरूप कळण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वेळी जुन्या सैनिकांच्या रक्ताच्या चाचण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार, बाधा सुमारे तीन लाख तीस हजार जणांना झाली होती. म्हणजे आजारी दिसलेल्या प्रत्येक सैनिकामागे पाच-सहा जण असे होते की ज्यांना बाधा झाली, पण त्यांनाही कळले नाही आणि वैद्यांनाही कळले नाही. माझ्यासमोर बसलेला तो तरुण अशांपैकीच एक होता. या रोगाची पारख डोळ्यांनी होत नाही. तिथे रक्ताचीच साक्ष काढावी लागते.

अगरच्या थरावरील एक रेषा

ही साक्ष ज्यांनी प्रथम मिळविली, ते काविळीच्या शोधात नव्हतेच. बारूच ब्लूमबर्ग हे १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले वैद्यकीय संशोधक. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, आणि म्हणूनच हा दिवस जगभर हिपॅटायटीस दिन म्हणून पाळला जातो. एकच रोग काही लोकांना होतो आणि काहींना का होत नाही, याचे उत्तर माणसामाणसांतील जन्मजात भेदांत असेल, असे त्यांना वाटत होते. त्यासाठी ते देशोदेशींच्या लोकांच्या रक्तद्रवाचे नमुने गोळा करीत.

त्यांनी एक साधी, पण मोठी युक्ती योजली. ज्या रुग्णांना अनेकदा दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीराने परक्या रक्तातील अनेक प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केलेली असतात. अशा रुग्णाचा रक्तद्रव म्हणजे परके ओळखणारा पहारेकरीच. काचेवर अगरचा, म्हणजे समुद्री वनस्पतीपासून मिळणाऱ्या पारदर्शक जेलीचा, पातळ थर द्यायचा. त्यात छोट्या विहिरी पाडायच्या. मधल्या विहिरीत या रुग्णाचा रक्तद्रव आणि भोवतालच्या विहिरींत निरनिराळ्या लोकांचे रक्तद्रव घालायचे. दोन्ही बाजूंची द्रव्ये जेलीतून हळूहळू पसरतात आणि ओळख पटली की मध्ये एक रेषा उमटते.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ब्लूमबर्ग आणि तरुण सहकारी हार्वी ऑल्टर यांना अशी एक रेषा दिसली. हिमोफिलियाच्या एका अमेरिकी रुग्णाच्या रक्तद्रवाने ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवाशी ही रेषा उमटविली होती. नेहमीच्या रेषा रंगद्रव्याने निळ्या होत. ही तांबडी झाली. म्हणजे हे काही वेगळेच प्रथिन होते. त्याला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव दिले. अन्य कोणी हा योगायोग मानून ती काच धुऊन टाकली असती. त्यांनी मात्र पाठपुरावा केला.

हे प्रतिजन रक्ताच्या कर्करोगाच्या आणि डाऊन्स सिंड्रोमच्या रुग्णांत अधिक आढळले. तेव्हा हा एखादा आनुवंशिक गुण असावा, अशी ब्लूमबर्गांची अटकळ होती. ती खरी असती, तर ज्याच्या रक्तात तो आहे त्याच्यात तो जन्मभर असायला हवा आणि ज्याच्यात नाही त्याच्यात कधीच येता कामा नये. १९६६ मध्ये फिलाडेल्फिया येथे एका रुग्णाच्या रक्तात, जे आधी नकारात्मक होते, हे प्रतिजन अवचित दिसू लागले. तपास केला तेव्हा मधल्या काळात त्याच्या यकृताला दाह झालेला आढळला. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ भगिनीला थकवा जाणवू लागला. तिने स्वतःचेच रक्त तपासले, तर तिला अगरवर पुसटशी रेषा दिसली. लवकरच तिला कावीळ झाली आणि यथावकाश ती बरीही झाली. या चाचणीने निदान झालेली ती पहिली रुग्ण.

ब्लूमबर्गांनी आपली अटकळ सोडून दिली. मनात जपलेला सिद्धान्त पुराव्यापुढे बाजूला ठेवणे विद्वानाला सोपे नसते, म्हणून मी याचा मुद्दाम उल्लेख करतो. १९६८ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स आणि टोकियोत काझुओ ओकोची यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की या प्रतिजनाचा संबंध रक्तातून येणाऱ्या काविळीशी आहे. १९७० मध्ये लंडनच्या डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचा संपूर्ण कण पाहिला. १९७६ साली ब्लूमबर्ग नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

चाचणी तीक्ष्ण कशी झाली?

ही चाचणी शक्य का होते, ते समजून घेणे रंजक आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की स्वतःच्या प्रती तर काढतोच, पण आपल्या बाह्य आवरणाचे रिकामे कण कितीतरी पटींनी अधिक निर्माण करतो. वरातीत नवरदेव एक आणि वऱ्हाडी हजार असतात, तसाच हा प्रकार. त्या गर्दीत नवरदेव शोधणे कठीण, पण वऱ्हाडी कोठेही दिसतात. ऑस्ट्रेलिया प्रतिजन म्हणजे हेच वऱ्हाडी, हेच रिकामे आवरण. आज अहवालात 'एचबीएसएजी' असे जे लिहिलेले असते, ते यालाच.

परंतु पहिली अगर चाचणी मंद आणि ढोबळ होती. रेषा उमटायला एक-दोन दिवस लागत आणि रक्तात प्रतिजन भरपूर असेल तरच ती दिसे. बाधित दात्यांचा मोठा भाग या चाळणीतून निसटून जाई. मग अगरमधून विद्युत्प्रवाह सोडून प्रतिजन व प्रतिद्रव्य एकमेकांकडे वेगाने ओढण्याची पद्धत आली; दिवसांचे काम काही तासांवर आले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात किरणोत्सारी पद्धत आली. ही कल्पना रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची. रक्तातील इन्सुलिनचे अत्यल्प प्रमाण मोजण्यासाठी त्यांनी ती विकसित केली होती. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्दैवाने बर्सन तोपर्यंत हयात नव्हते. जी रेषा डोळ्यांना दिसली नसती, ती आता किरणोत्साराच्या मोजणीने कळू लागली.

पण किरणोत्सारी द्रव्ये प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात कशी ठेवणार? तो प्रश्न १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी जगापुढे ठेवलेल्या एलायझा पद्धतीने सुटला. प्लास्टिकच्या छोट्या वाटीच्या तळाशी प्रतिद्रव्य चिकटवून ठेवायचे. त्यात रक्तद्रव घातला की प्रतिजन त्याला पकडून बसते. बाकी सारे धुऊन टाकायचे. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिद्रव्य घालायचे. ते प्रतिजनाला वरून पकडते. पुन्हा धुवायचे आणि शेवटी रंग देणारे द्रव्य घालायचे. वाटीत रंग आला तर प्रतिजन आहे, आला नाही तर नाही. आपल्या रक्तपेढ्यांत वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत ती हीच. आज बोटाच्या थेंबावर वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. त्यातील अनेक पट्ट्यांवर उत्तर म्हणून उमटते ती लालसर रेषाच. १९६३ च्या त्या रेषेची मला नेहमी आठवण होते.

चाचणीइतकाच महत्त्वाचा दाता

आता आपल्या, म्हणजे शिबिरे भरविणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. १९७० पूर्वी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना नंतर यकृतदाह होत असे. त्या काळी पुष्कळसे रक्त पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून येई. १९७० मध्ये त्या संस्थेने दोन गोष्टी एकत्र केल्या : विकतचे रक्त बंद केले आणि ऑस्ट्रेलिया प्रतिजनाची चाचणी सुरू केली. प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. हे काम करणाऱ्यांत तेच हार्वी ऑल्टर होते. चाचणी तेव्हा ढोबळ असल्याने या सुधारणेचे मोठे श्रेय स्वयंस्फूर्त दात्याकडे जाते. त्याच वर्षी इंग्लंडच्या रिचर्ड टिटमस यांनी आपल्या 'द गिफ्ट रिलेशनशिप' या ग्रंथात हेच सूत्र मांडले. पैशांसाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपविण्याचे कारण असते. प्रेमाने देणाऱ्याला ते नसते.

आपल्याकडे हे व्हायला उशीर झाला. १९८० च्या दशकात मी या सेवेत आलो, तेव्हा मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाशी रक्त विकणारे उभे असत. अशक्त आणि व्यसनाधीन माणसे नाव बदलून पुन्हा पुन्हा रक्त देत. आम्ही ते पाहत होतो आणि गरजेपोटी घेतही होतो. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर देशभर बंदी आली. या बंदीनंतर देशाला रक्त कमी पडू दिले नाही, ते आपल्यासारख्या शिबिरे भरविणाऱ्या हजारो लोकांनी. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमानाबरोबर जबाबदारी येते, तिच्याकडे वळतो.

कितीही तीक्ष्ण चाचणी असली, तरी बाधा झाल्यापासून पहिले काही आठवडे रक्तातील प्रतिजन इतके कमी असते की ते सापडत नाही. याला 'विंडो पिरियड' म्हणतात. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ कमी करते. परंतु ती महागडी आहे, सर्वत्र होत नाही आणि तीही हा काळ शून्यावर आणू शकत नाही. या अंधाऱ्या काळात रुग्णाचे रक्षण करते, ते दात्याने भरलेल्या प्रश्नावलीतील खरे उत्तर. अलीकडे गोंदवून घेतले का? कोठे इंजेक्शन, शस्त्रक्रिया झाली का? कावीळ झाली होती का? शिबिरात मागे रांग असते, संयोजकांना आकड्याची घाई असते आणि दाता 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करून मोकळा होतो. मित्राने आग्रह केला म्हणून, कार्यालयातील साहेब समोर उभे आहेत म्हणून जो खाटेवर झोपतो, त्याला खरे सांगण्याची मोकळीक आपण ठेवली का? 'आज मी देऊ शकत नाही' असे म्हणणाऱ्याकडे जर आपण भित्रा म्हणून पाहिले, तर पुढच्या वेळी तो खोटे सांगेल आणि ते खोटे एखाद्या थॅलेसेमियाच्या बालकाच्या शरीरात जाईल. पिशव्यांचा विक्रम आणि रक्ताची शुद्धता यांत निवड करण्याची वेळ आली, तर विक्रम सोडावा.

'हे नव्हे' असे सांगणारी चाचणी

एक चाचणी आली म्हणजे ज्ञान पुरे झाले, असे होत नाही. ऑल्टर यांच्या रुग्णांत उरलेले ते १० टक्के कोणाचे? हिपॅटायटीस बीची चाचणी अधिक तीक्ष्ण झाली, हिपॅटायटीस एचीही चाचणी आली, तरी बरेचसे रुग्ण दोन्हींत बसेनात. त्या शोधातून १९८९ मध्ये हिपॅटायटीस सी हा विषाणू जगापुढे आला आणि २०२० चे नोबेल पारितोषिक ऑल्टर, हॉटन व राइस यांना मिळाले. तांबडी रेषा पाहणाऱ्या तरुणाला त्या रेषेने सत्तावन्न वर्षांनी तेथवर नेले.

याच पद्धतीच्या एका शोधात आपल्या पुण्याचा वाटा आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली. त्या साथीतील रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने जपून ठेवलेले होते. पंचवीसएक वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी, त्यात खोर्शेद पावरी होत्या, अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या तपासणीचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ही साथ एची नव्हती, बीचीही नव्हती. ज्याला आज हिपॅटायटीस ई म्हणतात, त्या विषाणूच्या ओळखीची वाट या निष्कर्षाने मोकळी केली. नेमके उत्तर मिळण्याआधी 'हे नव्हे' असे प्रामाणिकपणे सांगता यावे लागते आणि त्यासाठी कोणीतरी पाव शतक नळ्या जपून ठेवाव्या लागतात.

परंपरेचा अभिमान आणि पुराव्याची कसोटी

येथे एक नाजूक विषय काढतो, कारण शिबिरांत मला तो हमखास विचारला जातो : "डॉक्टर, कावीळ तर भुईआवळीने बरी होते ना?" या प्रश्नाकडे खुद्द ब्लूमबर्गांनीही आदराने पाहिले. मद्रासचे डॉ. त्यागराजन आणि ब्लूमबर्ग यांनी इतर सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुईआवळी दिलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून प्रतिजन नाहीसे झाले. नुसतीच औषधासारखी दिसणारी पूड दिलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या. वाचून आम्हाला अतिशय आनंद झाला होता. परंतु त्यानंतर इतरत्र झालेल्या प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही.

यात आपल्या परंपरेचा अपमान नाही. वनस्पतीला संधी मिळाली, त्याच चाचणीने आधी आशा दाखविली आणि त्याच चाचणीने नंतर ती आवरली. ज्याला आपल्या शास्त्राविषयी खरी निष्ठा आहे, त्याने कसोटीला भिऊ नये. आणि एक लक्षात घ्यावे. मोठ्या वयात बाधा झालेल्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोक आपोआप बरे होतात. मग ज्याने त्या काळात जे घेतले, त्याला ते औषध वाटते. जे वाहक राहतात, त्यांनी मात्र कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून यकृततज्ज्ञाचे उपचार सोडू नयेत.

सकारात्मक अहवाल आलेला माणूस

आता त्या तरुणाकडे परत येतो. "माझ्या रक्तात आहे तरी काय?" मी त्याला सांगितले, "तुझ्या रक्तात एका विषाणूचे आवरण सापडले आहे. तू त्याला आणले नाहीस आणि तुझ्या चारित्र्याशी त्याचा संबंध जोडण्याचा कोणाला अधिकार नाही. एका चाचणीवर निकाल द्यायचा नसतो. आपण ती पुन्हा करू. सहा महिन्यांनंतरही ती सकारात्मक राहिली, तर तू वाहक आहेस असे समजू आणि यकृतावर लक्ष ठेवू." आणि त्याच्या आईला म्हणालो, "बाई, त्याचे ताट परत आपल्या ताटांत ठेवा. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, पाठीवरून हात फिरविल्याने हा रोग लागत नाही. वेगळे ठेवायचे ते फक्त दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश. घरातल्या सगळ्यांनी मात्र तपासून घ्या आणि ज्यांना बाधा नाही त्यांनी लस घ्या."

कुटुंबाचे अहवाल आले. भावाचा नकारात्मक होता. आईचा सकारात्मक निघाला. जन्माच्या वेळी आईकडून बाधा झालेल्या बालकांपैकी दहातील सुमारे नऊ जण आयुष्यभर वाहक राहतात. म्हणजे त्याच्या रक्तात जे होते, ते बहुधा आईकडूनच, तिच्याही नकळत आलेले. तो अहवाल मी त्याच्याआधी त्याच्या आईला सांगायला हवा होता, हे आज कळते. पण तोच कागद घ्यायला आला होता. पाहताच त्याच्या लक्षात आले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, आईला तिचा आजार सांगा, औषध सांगा. पण हे तिच्याकडून मला आले, एवढे सांगू नका. तिने माझे ताट वेगळे काढले होते, ते तिला सहन होणार नाही."

ते मी पाळले. ती माउली आता हयात नाही. ओळख पटेल असा तपशील मी आजही दिलेला नाही. त्या मुलाने पुढे दुसरे स्थळ आले तेव्हा स्वतःच सारे सांगितले आणि होणाऱ्या पत्नीला लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण करून घेण्यासाठी माझ्याकडे आणले. त्याची दोन्ही मुले बाधेपासून मुक्त आहेत. तो स्वतः रक्त देऊ शकत नाही. पण आपल्या तालुक्यातील शिबिरात दात्यांच्या प्रश्नावलीच्या टेबलावर तोच बसतो.

आज परिस्थिती त्याच्या वेळेपेक्षा पुष्कळ अनुकूल आहे. या रोगाची लस त्याच रिकाम्या आवरणापासून तयार झाली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ती भारतीय बनावटीने, सामान्यांना परवडेल अशा दरात आणली. २०११ पासून तिचा राष्ट्रीय लसीकरणात देशभर विस्तार झाला. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिलेली पहिली मात्रा सर्वांत मोलाची. २०१८ च्या २८ जुलै रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोक या विषाणूसह जगत होते, त्यातील सुमारे २ कोटी ९८ लाख आपल्या देशात. जगातील बाधितांपैकी केवळ १३ टक्क्यांना आपल्या बाधेची माहिती होती. उरलेल्यांपैकी अनेकांना ती प्रथम कळणार आहे ती आपल्या शिबिरातून, आपल्या निरोपातून.

म्हणून तीन गोष्टी मागतो. पहिली, दात्याला प्रश्नावली शांतपणे आणि एकान्तात भरू द्या आणि परत जाणाऱ्यालाही चहा द्या. दुसरी, अहवाल फक्त दात्याचा आहे. रक्तपेढीने संयोजकाला विचारले, 'हा मुलगा कोठे राहतो?', तर तुम्ही 'का?' असे विचारू नका आणि कोणी सांगू लागला तर ऐकू नका. माझ्यासारखी चूक कोणी केली, तर ती तुमच्यापाशी थांबू द्या. तिसरी, ज्याचा अहवाल सकारात्मक आला तो आपला माणूस राहील, याची हमी घरातून द्या. येथे माता-भगिनी मोठ्या संख्येने आहेत. ताट कोणाचे कोठे ठेवायचे, हे घराघरांत त्याच ठरवितात.

अगरच्या थरावर रेषा कशी ओळखायची, ते ब्लूमबर्गांनी आपल्याला शिकविले. ती रेषा माणसामाणसांमध्ये ओढली जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.